अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे नव्हे

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ यानातून सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे निघाले. त्या मोहिमेची आठवण निघाली की ‘वर गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणसे तरंगतात’ हे वाक्य कोकणातल्या ओटीवरही हमखास ऐकू येते. ते चूक आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तर हा समज मुळातच पटू नये. सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर असलेल्या चंद्राची ओढ मालवणच्या बंदरात भरती आणते आणि अमावास्या-पौर्णिमेला सूर्याच्या ओढीची जोड मिळून उधाण येते. मग पृथ्वीची ओढ जेमतेम ४०० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-सावंतवाडी रस्त्याहूनही कमी अंतरावर, कशी संपेल? आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक साधारण याच उंचीवर फिरते आणि तेथे गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरच्या जवळजवळ ९० टक्के असते.

खरे कारण पडणे हे आहे. स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने पुढे जाते. तेवढ्या वेळात ते सरळ रेषेपासून सुमारे ४.३ मीटर खाली पडते, परंतु गोल पृथ्वीचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो, त्यामुळे ते माडावरून सुटलेल्या नारळासारखे सतत पडत राहूनही जमिनीवर आदळत नाही. आतला माणूस, त्याची पेटी, पाण्याचा थेंब, सारेच एकत्र पडत असल्याने कशाचाच भार कशावर येत नाही. ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ या रूढ शब्दप्रयोगाने हा घोटाळा वाढवला आहे. ‘भारहीनता’ हा शब्द अधिक अचूक.