ड्राइव्हची अक्षरे: ‘डी’चा ‘ई’ कसा होत असे

ड्राइव्हला अक्षर देण्याची रीत ‘सीपी/एम’ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून १९८१ च्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या पीसींच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीकडे गेल्यामुळे १९८३ च्या आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकातील १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कच्या वाट्याला ‘सी’ आले.

ही अक्षरे डिस्कवर कुठेही लिहिलेली नसत. संगणक सुरू होताना डॉस ती दर वेळी नव्याने वाटत असे, आणि वाटपाचा क्रमच वादाचा ठरला. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, दोन प्रकारचे असत: एकच ड्राइव्ह असलेले प्रायमरी, आणि आत अनेक ‘लॉजिकल’ ड्राइव्ह करता येणारे एक्स्टेंडेड. आधी प्रत्येक डिस्कवरील प्रायमरी पार्टिशनला अक्षर मिळे, आणि त्यानंतरच एक्स्टेंडेड पार्टिशनमधील लॉजिकल ड्राइव्हची पाळी येई. त्यामुळे एकाच डिस्कवर प्रायमरी ‘सी’ आणि लॉजिकल ‘डी’ असलेल्या संगणकात दुसरी डिस्क बसवली की तिचे प्रायमरी ‘डी’ होई, जुना ‘डी’ ‘ई’वर सरके, आणि ‘डी’वर इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामचे शॉर्टकट नव्या, रिकाम्या डिस्ककडे बोट दाखवत राहत. सीडी ड्राइव्हही एक घर पुढे जाई, आणि मग गेम ‘सीडी घाला’ म्हणे, सीडी आत असूनही.

या क्रमाला कारण होते. एका डिस्कचे अनेक ड्राइव्ह करण्याची सोय १९८७ मध्ये डॉस ३.३ सोबत आली, आणि तोवर दोन डिस्क असलेल्या यंत्रांत ‘डी’ म्हणजे दुसरी डिस्क हे रूढ झाले होते. लॉजिकल ड्राइव्ह शेवटी ढकलल्यामुळे तो ‘डी’ जागचा हलला नाही. तरी जुन्यांची सोय पाहताना पुढे डिस्क वाढवणाऱ्या सगळ्यांवर भुर्दंड टाकला गेला, असेच म्हणावे लागते. जाणकार मंडळी दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी करतच नसत. पार्टिशन करण्याच्या ‘एफडिस्क’ या डॉसच्या प्रोग्राममध्ये सगळी जागा एक्स्टेंडेडला दिली की तिची अक्षरे आपोआप आधीच्या ड्राइव्हमागे लागत.

अक्षर कायमचे नेमून देण्याची सोय विंडोजच्या एनटी मालिकेत आली. विंडोज २००० पासून डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून अक्षर बदलता येते. ही नेमणूक रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) ‘माउंटेडडिव्हाइसेस’ या नोंदीत राहते, म्हणजे ती त्या विंडोजपुरतीच असते, आणि तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास तिथे वेगळे अक्षर मिळू शकते. ज्या ड्राइव्हवर खुद्द विंडोज आहे, त्याचे अक्षर मात्र तिथून बदलू दिले जात नाही.

एक्सपीच्या काळात पेन ड्राइव्ह आल्यावर नवा घोळ झाला: पुढचे मोकळे समजून दिलेले अक्षर नेटवर्क ड्राइव्हने (दुसऱ्या संगणकावरील जोडलेल्या फोल्डरने) आधीच घेतलेले असे, आणि पेन ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतच नसे. त्याला हाताने ‘पी’ किंवा ‘यू’सारखे दूरचे अक्षर दिले की तो दिसू लागे.