दुपारी दवाखान्यात लेकरू ठणठणीत असतं

तुरीची रास सुरू झाली की मराठवाड्यात हे बोलणं कानावर येतंच: "रातभर खोकलं, अन् आता बघा कसं उड्या मारायलंय." दवाखान्यात नेलं तर छाती साफ. खोकल्याची बाटली मिळते, आणि चार दिवसांनी पहाटे पुन्हा तेच.

बाळदमा ओळखायचा तो या रात्री-पहाटेच्या वेळेवरूनच. श्वासनळ्या रात्री तशाही थोड्या आक्रसतात. दम्यात त्या आतून सुजलेल्या असतात, भोवतीचे स्नायू आवळतात, वर चिकट कफ. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हिशेबाने हवेला अडथळा १६ पट होतो. लेकरांच्या नळ्या मुळातच बारीक. श्वास घेताना त्या जरा ताणून उघडतात, सोडताना मिटू पाहतात. म्हणून कान द्यायचा तो बाहेर पडणाऱ्या श्वासाकडे. तिथे बारीक शिट्टी ऐकू येते. चोंदलेल्या नाकाची घरघर वेगळी.

काही लेकरांना शिट्टी नसतेच, नुसता खोकला: हसताना, पळताना, रडून झाल्यावर. खेळ सोडून कडेला बसणाऱ्या पोराला "अंगात दमच नाही" म्हणतात, आणि ते शब्दशः खरं असतं!

घरात दोष बहुधा दही-केळ्याला जातो. लहानांत दमा उसळवणारं मोठं कारण म्हणजे सर्दीचे विषाणू. मग मळणीयंत्राचा भुसा, चुलीतल्या पऱ्हाटीचा धूर, आजोबांची विडी. आईबापाला दमा किंवा लेकराला इसब असेल तर संशय बळावतो. पण प्रत्येक शिट्टी दम्याची नसते. पाच वर्षांखालच्या कित्येकांना ती फक्त सर्दीत येते, पुढे जाते. खाताना ठसका लागून अचानक सुरू झाली तर शेंगदाणा अडकलेला असू शकतो. तेव्हा लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांना रात्र दिसत नाही, ती मोबाईलवर न्या. सदरा वर करून, छाती-पोट दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ काढा. तोंडाने ओढायच्या दम्याच्या पंपाची (इनहेलरची) "सवय लागते" ही भीती मात्र सोडा; त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट नळ्यांत जातं.

पोट उडतंय, बरगड्यांत खळगे पडताहेत, एका दमात वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसताहेत, तर सकाळची वाट पाहू नका. आणि धापेनं थकलेल्या लेकराची शिट्टी एकाएकी थांबली, ते मलूल पडलं, तर आराम पडला असं समजू नका. हवाच आत-बाहेर होत नसते. १०८ला फोन लावा.