बेळगाव सीमाभागात बालवाडी किंवा पाळणाघर सुरू करताना : परवाना, कागदपत्रे आणि पालक पुस्तिका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या परिसरात बालवाडी किंवा पाळणाघर सुरू करू पाहणाऱ्यांचे अर्ज परत येतात, तेव्हा खोट क्वचितच मुलांसाठीच्या सोयींत निघते. खेळणी, स्वच्छ खोल्या, शिकलेल्या ताई हे सारे जागेवर असते. अडते ते घराच्या उताऱ्यावर, तीन भाषांत तीन तऱ्हांनी लिहिलेल्या नावावर आणि १ जून या तारखेवर. त्यामुळे पुढील माहितीत सरळ मार्गी लागणाऱ्या गोष्टी थोडक्यात सांगून अडणाऱ्या गोष्टींवर अधिक लिहिले आहे.

सर्वप्रथम आपण नेमके काय चालवणार आहोत, हे ठरवावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी, म्हणजे नर्सरी, एलकेजी-यूकेजीचे वर्ग भरवणार असाल, तर ती शिक्षणसंस्था ठरते आणि कर्नाटक शिक्षण कायदा, १९८३ नुसार शिक्षण खात्याकडे नोंदणी करावी लागते. हा अर्ज क्षेत्र शिक्षणाधिकारी, म्हणजे आपले बीईओ, यांच्यामार्फत सार्वजनिक शिक्षण उपसंचालकांकडे जातो. बेळगाव हा महसुली जिल्हा एक असला, तरी शिक्षण खात्याचे येथे बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक या भागांतील फाइल चिकोडीला जाते, हे ठाऊक नसल्याने अनेकांची बेळगावची फेरी फुकट गेली आहे.

केवळ आईवडील कामावर असताना मुले सांभाळणार असाल, तर ते पाळणाघर. त्यासाठी स्थानिक संस्थेचे ट्रेड लायसन्स आणि कामगार खात्याकडे कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, १९६१ खालील नोंदणी ही सुरुवात असते. ही नोंदणी काम सुरू केल्यापासून ३० दिवसांत करायची असते. शहरात महानगरपालिका, लहान गावांत नगरपालिका किंवा नगरपंचायत, खेड्यात ग्रामपंचायतीचे पंचायत विकास अधिकारी (पीडीओ) आणि कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड, अशी लायसन्स देणारी कार्यालये बदलतात. एकाच फलकाखाली सहा महिन्यांच्या बाळापासून यूकेजीपर्यंत सगळे चालवण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. पण राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील मुलाला प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. दोन्ही चालवायचे असल्यास खोल्या, हजेरीपट आणि कर्मचारी स्वतंत्र दाखवावेत.

बालवाडीसाठी अर्जदार म्हणून एखाद्या व्यक्तीचे नाव चालत नाही. नोंदणीकृत संस्था किंवा ट्रस्ट लागतो. संस्था कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली असेल, तर नोंदणी प्रमाणपत्र, घटना, चालू कार्यकारिणीची यादी आणि बालवाडी सुरू करण्याचा ठराव जोडावा. जुन्या संस्थांच्या बाबतीत एक धोका असतो: वर्षानुवर्षे वार्षिक हिशेब आणि कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे सादर केलेली नसते, आणि कागदोपत्री अध्यक्ष म्हणून दिवंगत व्यक्तीचेच नाव राहिलेले असते. आधी ते दुरुस्त करावे, मगच पुढचे पाऊल टाकावे.

आता जागेविषयी, कारण बहुतेक फायली येथेच थांबतात. भाड्याच्या घरासाठी अकरा महिन्यांचा बाँड करून नोटरीचा शिक्का मारण्याची आपली सवय आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदणी कायद्यानुसार उपनिबंधक कार्यालयात नोंदवावाच लागतो, आणि अकरा महिन्यांची मुदत ही नोंदणी टाळण्यासाठीच निवडलेली असते. पण शिक्षण खात्याला मुले पुढील काही वर्षे त्याच जागेत शिकतील याची खात्री हवी असते. अकरा महिन्यांच्या बाँडने ती मिळत नाही. म्हणून घरमालकाशी भाड्याची बोलणी करतानाच, दीर्घ मुदतीचा करार नोंदवून देण्यास तो तयार आहे का, हे विचारावे. नंतर विचारले की नकार येतो, आणि तोवर रंगरंगोटीचा खर्च होऊन गेलेला असतो.

मालक तयार झाला, तरी उताऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. आपल्याकडे कित्येक घरे अजून आजोबांच्या नावावर आहेत, वारसा नोंद झालेली नाही, आणि हेस्कॉमचे वीजबिल तिसऱ्याच काकांच्या नावाने येते. अशा घरात एकाच भावाने करून दिलेला करार टिकत नाही. सर्व वारसांच्या सह्या लागतात, आणि त्यांपैकी एखादी बहीण सांगलीला किंवा पुण्याला असते. खेड्यातील मालमत्तेसाठी ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तु या ऑनलाइन मालमत्ता नोंदीतील नमुना ९ आणि नमुना ११, तर शहरी हद्दीत तशाच ई-आस्ती नोंदीतील खाता उतारा घ्यावा. अनधिकृत वसाहतीतील घराला ब खाता मिळाला असेल, तर तो कर भरण्यापुरता उपयोगी आहे. त्याने बांधकाम नियमित होत नाही. ही गोष्ट घर दाखवणारा एजंट सांगत नाही, म्हणून येथे स्पष्ट लिहिली.

इमारतीच्या मजबुतीचा दाखला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून आणि अग्निसुरक्षेचा दाखला अग्निशमन खात्याकडून घ्यावा लागतो. या दोन दाखल्यांबद्दल अर्जदारांची कुरकूर सर्वांत जास्त असते, आणि कार्यालयांतील दिरंगाई पाहता ती समजण्यासारखी आहे. पण यामागचे कारण विसरू नये. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून उसळलेली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांसाठी अग्निसुरक्षेची किमान मानके पाळणे बंधनकारक केले. मुलांना तळमजल्यावरच ठेवावे, गॅसची शेगडी वर्गापासून अलग असावी आणि बाहेर पडायला दुसरी वाट असावी, हे दाखल्यासाठी नव्हे तर मुलांसाठी करावे. खानापूर भागात मुसळधार पावसापासून बचाव म्हणून दारापुढे प्लास्टिकचे आच्छादन बांधतात. तपासणीच्या दिवशी आणि इतरही दिवशी ते बाहेर पडण्याच्या वाटेवर नसावे.

कर्मचाऱ्यांचे प्रमाण साधे आहे. प्ले स्कूलमध्ये दर २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळ करणारी मावशी असावी. नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठीच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील दर १० मुलांमागे एक सेविका धरली आहे, आणि खासगी पाळणाघरानेही तेवढे प्रमाण राखणे शहाणपणाचे.

खरी अडचण पोलीस पडताळणीची आहे. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, याखालील २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्वांची ठरावीक काळाने पडताळणी करून घेणे बंधनकारक आहे. व्हॅनचा चालक, साफसफाई करणाऱ्या मावशी, मालकाचा येता-जाता मदत करणारा भाचा हे सगळे त्यात येतात. आपल्याकडे चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्यांतून रोज येणाऱ्या बायका कामाला असतात. त्यांचे राहते घर महाराष्ट्रात असल्याने कर्नाटक पोलिसांचा दाखला पुरेसा ठरत नाही. तिकडच्या पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा लागतो. त्याला लागणारा वेळ लक्षात घेऊन नेमणुकीपूर्वीच तो मागावा. घरच्यासारखी बाई आहे, तिची कसली चौकशी करायची, हा संकोच मुलांच्या बाबतीत बाळगू नये.

यानंतर नावे. संस्थेचे नाव ठरावात मराठीत, नोंदणी प्रमाणपत्रात इंग्रजीत आणि अर्जात कन्नडमध्ये असते, आणि ‘शिक्षण मंडळ’चे कुठे ‘शिक्षण संस्था’ होते, कुठे गावाचे नाव गळते. १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीच्या कागदांवर शहराचे नाव जुन्या स्पेलिंगने आहे, ते तसेच राहू द्यावे. पण नव्या कागदांवर सर्वत्र एकच रूप ठेवावे. अध्यक्षांचे नाव आधार, पॅन आणि ठराव यांत अक्षरशः जुळत नसेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून जोडावे. महाराष्ट्रातील विद्यापीठाचे किंवा डी.एड.चे मराठी प्रमाणपत्र असेल, तर त्याचे प्रमाणित भाषांतर सोबत द्यावे. मराठीत अर्ज स्वीकारावा, ही मागणी न्याय्य आहे आणि ती करत राहावी. मात्र मुलांची फाइल त्या वादात अडकू नये म्हणून कन्नड प्रत बरोबर ठेवावी. फलकाच्या बाबतीतही नियम ठाऊक असू द्यावा: कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायद्यात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार फलकावरील ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तोही वरच्या भागात असला पाहिजे. उरलेल्या जागेत मराठी नाव लिहिता येते. फलक रंगवून झाल्यावर नोटीस आली की खर्च दुप्पट होतो.

वयाची तारीख हा सीमाभागातला खास घोटाळा आहे. आपल्या घरी वर्तमानपत्रे कोल्हापूरची, नातेवाईक महाराष्ट्रातले, त्यामुळे प्रवेशाच्या वयाचा महाराष्ट्रातील नियम पालकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तेथे वय ३१ डिसेंबरला मोजतात, कर्नाटकात १ जूनला. एलकेजीसाठी १ जूनला ४ वर्षे, यूकेजीसाठी ५ आणि पहिलीसाठी ६ वर्षे पूर्ण हवीत. उदाहरणार्थ, २० ऑगस्ट २०२२ रोजी जन्मलेल्या मुलीला जून २०२६ मध्ये महाराष्ट्रातील छोट्या गटात प्रवेश मिळेल, पण बेळगावात एलकेजीसाठी ती थांबली पाहिजे. पहिलीसाठी २०२५-२६ या वर्षापुरती ५ वर्षे ५ महिन्यांची सवलत देण्यात आली होती. तिच्या आधारावर पुढच्या वर्षांचे प्रवेश देऊन ठेवू नयेत. संस्थाचालकाने फी घेऊन मूल बसवून घेतले आणि पुढे पहिलीत ते अडले, तर तोटा मुलाचा होतो, आणि आईवडिलांचा संस्थेवरचा विश्वास तर कायमचा जातो.

पालक पुस्तिका बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात कुठल्या तरी मोठ्या शाळेची उतरवून छापतात, आणि त्यातील मजकूर अर्जाशी जुळत नाही. अर्जात वेळ ९ ते १ आणि पुस्तिकेत संध्याकाळी ६ पर्यंत, अर्जात प्रवेशाचे वय तीन आणि पुस्तिकेत अडीच, अशा विसंगती तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती आयत्याच लागतात. पुस्तिका मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत, साध्या वाक्यांत लिहावी, पालकांना वाचून दाखवावी आणि सहीची प्रत ठेवावी.

पुस्तिकेतील सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे. आईवडिलांखेरीज आजी, आजोबा, आत्या किंवा रिक्षावाले काका यांपैकी कोण येणार, त्यांचे फोटो आणि फोन क्रमांक लेखी घ्यावेत. आईवडिलांत न्यायालयीन वाद चालू असेल, तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागावी. शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. आजारपणाचे कलम तितकेच स्पष्ट असावे: ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असलेले मूल त्या दिवशी घेतले जाणार नाही, कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच राहील, आणि औषध फक्त डॉक्टरांची चिठ्ठी व पालकांची लेखी परवानगी असल्यासच दिले जाईल. कामावर जाणाऱ्या आईला हे कलम जाचक वाटते. तिची अडचण खरी असते. तिच्याशी दारात वाद घालण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच शांतपणे समजावून सांगणे बरे.

फी किती, अनामत परत केव्हा मिळेल, उशिरा नेल्यास काय, अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केल्यास पाळणाघर उघडे राहील का, हे आकड्यांसह आणि ‘हो-नाही’त लिहावे. मारणे, कोंडणे, घाबरवणे येथे चालत नाही, हे वाक्य असावे. पालकांनी ‘दोन फटके द्या’ असे सांगितले तरीही. तक्रारीसाठी संस्थेतील जबाबदार व्यक्तीबरोबर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक छापावा. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार सक्तीचे आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीबाबत ते दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचे नाव जाईल या भीतीने गप्प बसण्याची मुभा कोणालाच नाही. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून एका महिन्यात पालक-शिक्षक संघ स्थापन करावा. बाल हक्क आयोगाच्या वर उल्लेखलेल्या तत्त्वांनुसार त्यात ७५ टक्के पालक आणि २५ टक्के शिक्षक असतात.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा, बघतो’ या उत्तराला कायद्यात काही अर्थ नाही. सकाल या, सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याच्या कर्नाटकच्या योजनेखाली अधिसूचित सेवा असेल, तर पोचपावतीवर सकालचा क्रमांक मागावा. ठरलेल्या मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाईची तरतूद आहे. रक्कम किरकोळ असली, तरी तो क्रमांक असलेली फाइल टेबलावर विसरली जात नाही. त्रुटी तोंडी सांगितल्या, तर त्या लेखी मागाव्यात. नाहीतर प्रत्येक भेटीत नवी त्रुटी निघते. लेखी देण्यास टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराखाली फाइलवरील शेरे मागावेत, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

पुढच्या जूनमध्ये वर्ग सुरू करायचा असेल, तर कामाला आदल्या वर्षीच लागावे, आणि सर्वांत आधी घराचा उतारा काढावा. ट्रेड लायसन्स आर्थिक वर्षापुरते असते. डिसेंबरात काढले तरी त्याची मुदत ३१ मार्चला संपते.