प्रोप्रॅनोलॉल आणि अॅटेनोलॉल: यकृताच्या दृष्टीने एकच गोळी नव्हे

परळच्या रुग्णालयांत सिऱ्हॉसिसवर (यकृत आकसून कडक होण्याच्या आजारावर) उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर प्रोप्रॅनोलॉल लिहिलेले दिसले, की घरचे विचारतात, "यांचे बीपी वाढलेले नाही, मग बीपीची गोळी कशाला?" घरात कोणाला आधीपासून अॅटेनोलॉल चालू असेल, तर दोन्ही गोळ्या एकच आहेत असाही समज होतो. दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे अॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा परिणाम अडवणारी औषधे आहेत, दोन्हींनी रक्तदाब उतरतो आणि नाडी मंदावते, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण यकृताच्या रुग्णाला तो महागात पडू शकतो.

यकृताला मिनिटाला साधारण दीड लिटर, म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाव हिस्सा मिळतो. त्यातले सुमारे ७५ टक्के रक्त आतडी आणि प्लीहा यांतून फिरून पोर्टल शिरेवाटे येते, म्हणून आतड्यांच्या धमन्या किती सैल आहेत यावर यकृताकडचा प्रवाह बराचसा ठरतो. अॅटेनोलॉल मुख्यतः हृदयातील बीटा-१ ग्राहकांवर (पेशींवरील संदेश घेणाऱ्या जागांवर, रिसेप्टरवर) काम करते. हृदय कमी रक्त ढकलते आणि तेवढ्यापुरताच यकृताकडचा ओघ घटतो. प्रोप्रॅनोलॉल याशिवाय आतड्यांच्या धमन्यांतील बीटा-२ ग्राहकही अडवते. धमन्या सैल ठेवणारा संदेश थांबल्याने त्या आकसतात, पोर्टल शिरेत कमी रक्त येते आणि तिच्यातील दाब उतरतो. नाडी दोन्ही औषधांनी सारखीच मंदावली, तरी हा फरक आत राहतोच.

सिऱ्हॉसिसमध्ये नेमका हाच दाब घातक असतो. पोर्टल शिरा आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्या दाबांतील फरक एरवी पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटर इतका असतो. तो १० च्या वर गेला की अन्ननलिकेतील शिरा फुगू लागतात, आणि १२ पासून त्या फुटून रक्ताची उलटी होण्याचा धोका असतो. दंडावर पट्टा बांधून मोजलेल्या बीपीत यातले काहीच दिसत नाही. प्रोप्रॅनोलॉलने असा रक्तस्राव पुन्हा होणे कमी होते, हे फ्रान्समधील दिदिये लेब्रेक आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले. म्हणूनच दुकानात ते मिळाले नाही म्हणून अॅटेनोलॉल घेऊन येणे मला धोक्याचे वाटते.

शरीरातून बाहेर पडण्याचे मार्गही वेगळे आहेत. अॅटेनोलॉल बहुतांशी मूत्रपिंडावाटे जाते. प्रोप्रॅनोलॉल यकृतातच मोडते, त्यामुळे यकृत निकामी होत गेले की तेवढ्याच गोळीने रक्तातील औषध वाढते. सुरुवात लहान मात्रेने करतात ती यासाठी. दमा असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल सहसा देत नाहीत. जलोदर (पोटात पाणी साठणे) असून वरचे बीपी ९० च्या खाली गेले, तर डॉक्टर मात्रा घटवतात किंवा औषध थांबवतात. तो निर्णय मात्र घरी घेऊ नये.