तीळ, फोटो आणि विसराळू डोळे

अंगावरच्या तिळावरून भाग्य सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. पण तोच तीळ सहा महिन्यांपूर्वी केवढा होता, हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, घरच्या घरी लवकर हेरायचा तर खरी अडचण इथेच येते.

लवकर म्हणजे किती, याचं मोजमाप १९७० साली अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दिलं. गाठ त्वचेत जितकी खोल, तितका धोका जास्त. हा हिशेब मिलिमीटरचा असतो. १९८५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सामान्य माणसासाठी ‘एबीसीडी’ची, म्हणजे चार लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांची खूण दिली: तिळाचे दोन अर्धे एकसारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग एकाहून अधिक असणं, व्यास ६ मिलिमीटरहून मोठा असणं. २००४ मध्ये ‘ई’ जोडलं गेलं, म्हणजे ‘इव्हॉल्व्हिंग’, बदल. पहिली चार लक्षणं आरशात दिसतात. पाचव्यासाठी तीळ आधी कसा होता ते माहीत हवं.

ते काम फोटो करतो. पुष्कळ तीळ असलेल्या रुग्णांचे सर्वांगाचे फोटो काढून ठेवण्याची पद्धत १९८०च्या दशकात रुजू लागली होती. त्याचा घरी उपयोग होतो का, हे न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी मोठ्या गमतीदार रीतीने तपासलं. ५० जणांच्या अंगावरचे काही तीळ त्यांनी चक्क आयलायनरने वाढवले, काही नवेच रंगवले आणि म्हणाले, शोधा. नुसत्या नजरेला असे सुमारे ६० टक्के तीळ सापडले, जुने फोटो हाती दिल्यावर ७२ टक्के. हा अभ्यासही २००४ चाच.

मग स्मार्टफोन आले आणि आठवण ठेवणाऱ्या फोटोकडून निदानाची अपेक्षा सुरू झाली. २०१३ मध्ये तपासलेल्या चारपैकी तीन ॲपनी ३० टक्के किंवा त्याहून जास्त मेलॅनोमा ‘काळजीचं कारण नाही’ म्हणून सोडून दिले. चौथं बरंच बरं ठरलं. ते फोटो त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवत होतं! २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा दोन ॲपच्या दाव्यांवर कारवाई केली.

ही सारी वाटचाल मुख्यतः गोऱ्या कातडीभोवती झाली. सावळ्या-काळ्या लोकांत मेलॅनोमा क्वचित होतो आणि झाला तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्यात झाला होता. उभं करून काढलेल्या सर्वांगाच्या फोटोत तळपाय येतच नाहीत.