पिनकोड एकच, पाणी वेगळं

ऑनलाइन काही मागवायचं तर आधी पिनकोड टाका. बँकेचा फॉर्म भरा, विमा काढा, दवाखान्यात केसपेपर काढा, पत्त्याखाली तेच सहा आकडे. २०२१ मध्ये लसीचा स्लॉट शोधताना लोक कोविनवर आपला पिन झाला की शेजारच्या तालुक्याचे पिन टाकून बघत होते.

श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने (ते संस्कृत कवीही होते) ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. पहिले तीन आकडे टपालाची छाननी कुठे व्हायची ते सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट. सातारा ४१५००१, रत्नागिरी ४१५६१२, आणि सांगली जिल्ह्यातलं विटा ४१५३११. तीन जिल्हे, सुरुवात एकच! पिनकोडची आखणी टपालाच्या सोयीने झाली, जिल्ह्यांच्या हद्दी पाहून नाही.

पण प्रत्येक नोंदीवर पिन आयताच मिळतो, म्हणून रुग्ण, ग्राहक, कर्जदार यांची भागवार मोजणी त्याच्यावरच करायचा मोह होतो. बऱ्याचदा ते चालूनही जातं.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात चाललं नाही. तिथे एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं. ते पाणी नळ गंजवणारं, त्यावर गंजरोधक प्रक्रियाही केली नाही, आणि जुन्या जोडण्यांमधलं शिसं पाण्यात उतरू लागलं. राज्याच्या आरोग्य खात्याने मुलांच्या रक्ततपासण्या तिथल्या पिनकोडनुसार, म्हणजे झिप कोडनुसार पाहिल्या. काळजीचं कारण दिसेना. गोम अशी की 'फ्लिंट' म्हणवणाऱ्या झिप कोडमधली सुमारे एकतृतीयांश घरं शहराबाहेर होती आणि त्यांना नदीचं पाणी जातच नव्हतं. त्या मुलांचे चांगले अहवाल मिसळून सरासरी खाली आली.

बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा आणि भूगोलतज्ज्ञ रिचर्ड सॅडलर यांनी झिप कोड बाजूला ठेवला आणि एकेका मुलाच्या घराचा पत्ता नकाशावर मांडला. शहराच्या हद्दीत रक्तातलं शिसं जास्त असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये हे आकडे जाहीर झाले, राज्याने आधी ते नाकारले, आणि ऑक्टोबरात फ्लिंटला पुन्हा डेट्रॉइटचं पाणी सुरू झालं.