पाकीट तेच, मग यावेळी चव वेगळी का?

गेल्या महिन्यात चार-पाच जणांनी विचारलं, की कॉफीचं नाव तेच, पाकीट तेच, मग चव का बदलली, भाजताना काही गडबड झाली का? नाही हो, भाजणारा पण तोच आहे आणि मशीन पण तेच, फक्त लॉट, म्हणजे मळ्यातून आलेली कच्च्या बियांची खेप, बदललाय. दर वेळी काउंटरवर गर्दीत हे सगळं सांगणं होत नाही म्हणून हा कागद पाकिटात टाकतोय, फिल्टरमधून कॉफी उतरेपर्यंत वाचून होईल.

कॉफी म्हणजे फळातली बी. करवंदासारखं लाल फळ, आत दोन बिया एकमेकींना चिकटून. कधी एकच गोल बी निघते, तिला पीबेरी म्हणतात, तिला भाव जास्त मिळतो पण खरं सांगायचं तर चवीत तेवढा फरक आम्हाला तरी लागलेला नाही.

कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. आमची अरेबिका कर्नाटकातल्या चिकमगळूरकडची, बाबाबुडनगिरीच्या डोंगरातली. १७व्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या ती गोष्ट याच डोंगराची. अरेबिकाला साधारण १००० ते १५०० मीटर उंची मानवते. वर गारवा असतो, फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरते आणि तो हलका आंबटगोडपणा येतो. रोबस्टा खालच्या उष्ण भागात पण जोमात येते, तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट, चव कडक, दुधात ती छान उठते. त्यामुळे रोबस्टा म्हणजे हलका माल असं समजू नका, नीट तोडलेली आणि धुतलेली रोबस्टा वाईट अरेबिकापेक्षा कधीही बरी.

तिकडची कॉफी झाडांच्या सावलीत वाढते, वर सिल्व्हर ओक, फणस, त्यांच्या खोडावर मिरीचे वेल. उघड्यावर लावली तर एखाद्या वर्षी फळ भरपूर लागतं पण झाड थकतं, फांद्या वाळायला लागतात.

आता पाऊस, कारण खरी गंमत इथेच आहे. आपल्याकडे आंबेसरी पडतात ना तशाच तिकडे मार्च-एप्रिलमध्ये सरी येतात, त्यानंतर आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो, मोगऱ्यासारखा वास. एकच चांगला पाऊस झाला तर फुलं एकदम येतात, पण तुकड्या-तुकड्यात पडला तर फुलं पण टप्प्याटप्प्याने, आणि मग नोव्हेंबरनंतर तोडणीला एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी अशी सगळी फळं दिसतात. चांगला मळेवाला तीन-चार फेऱ्या करून फक्त लाल फळं तोडतो. मजूर मिळाले नाहीत की एकाच फेरीत सगळं ओरबाडलं जातं. कच्च्या फळाची बी भाजली तरी पांढुरकीच राहते, चव शेंगदाण्याच्या टरफलासारखी. अशा बिया आम्ही भाजून झाल्यावर हाताने निवडतो, तरी एखादी सुटतेच.

तोडल्यावर दोन मुख्य रस्ते. पाकिटावर ‘वॉश्ड’ असेल तर फळाची साल त्याच दिवशी पल्परमध्ये, म्हणजे साल काढायच्या मशीनमध्ये, काढलेली असते, मग बीवरचा चिकट थर सुटायला ती टाकीत आंबवतात, साधारण एक-दीड दिवस, आणि मग धुवून वाळवतात. इडलीच्या पिठाचंच गणित, थंडीत वेळ लागतो, उन्हाळ्यात लवकर होतं, आणि जास्त राहिलं की वास मारतो. एकदा एका व्यापाऱ्याकडून आम्ही स्वस्तात दोन पोती घेतली, भाजायला घेतली तर सडक्या कांद्याचा वास, सगळी फेकली. भाजून ते झाकता येत नाही.

‘नॅचरल’ म्हणजे फळ सालीसकट उन्हात वाळवलेलं, तासगावकडे द्राक्षाचा बेदाणा होतो तसंच काहीसं. त्यात फळाचा गोडवा, जरा वाइनसारखा वास येतो, पण फळं रोज हलवावी लागतात, एक दिवस ढगाळ गेला आणि थर जाड राहिला की बुरशी. ‘हनी’मध्ये मध वगैरे काही नसतो बरं का, साल काढून तो चिकट थर तसाच ठेवून वाळवतात, चव दोन्हींच्या मधली.

मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी हे वेगळंच प्रकरण. जुन्या काळी शिडाच्या जहाजातून युरोपला जायला कित्येक महिने लागायचे, दमट हवेत बिया फुगून पिवळट व्हायच्या आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. १८६९ ला सुएझ कालवा झाला, आगबोटी आल्या, माल लवकर पोचायला लागला आणि ती चव गेली. म्हणून आता मंगळुरूच्या बाजूला पावसाळ्यात उघड्या गोदामात बिया पसरून मुद्दाम तसं करतात. आंबटपणा जवळपास जातो, ज्यांना कॉफीने पोटात जळजळ होते त्यांतले बरेच गिऱ्हाईक हीच नेतात.

भावाचं विचारलंत तर साधारण ६ किलो फळातून १ किलो कच्ची बी निघते, भाजताना त्यातलं १५ टक्क्यांच्या आसपास वजन उडतं, आणि फेऱ्या वाढल्या की मजुरी वाढते.

पाकिटाच्या मागे तोडणीचं वर्ष आणि प्रोसेस लिहिलेली असते. मागचा लॉट जास्त आवडला असेल तर ते पाकीट घेऊन या, त्याच्या जवळचं काय आहे ते वास घेऊन ठरवू.